दोन माणसं गेली, त्यांचं काम मात्र गेलं नाही

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी एका कंपनीत टीमलीड आहे. आम्ही टीममध्ये नऊजण होतो. चार महिन्यांत दोघांनी राजीनामा दिला आणि भरती बंद असल्यामुळे आता सातच उरलो आहोत. आठवड्याला ४५ तास काम आधीही व्हायचं, आता तास कुणी मोजतच नाही. मागच्या महिन्यात एक सहकारी मीटिंगमध्ये बोलता बोलता रडायला लागला. टीममधली सगळ्यात हुशार मुलगी पूर्वी प्रत्येक कामात पुढे असायची. आता ती 'काय करायचंय ते सांगा, करते' एवढंच बोलते. तिला दहा दिवसांची सुट्टी दिली, पण परत आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तशीच. एचआरला सांगून मी ताणतणावावर कार्यशाळा ठेवली, शनिवारी सकाळी ध्यानाचं सत्र ठेवलं. दोघंच आले. वरिष्ठ म्हणतात, 'हल्लीच्या मुलांना ताण सोसत नाही.' पगार वाढवणं किंवा माणसं घेणं माझ्या हातात नाही. माझी माणसं पार पिचून जायच्या आत मी काय करू? आणि ती मुलगी राहील का?
— सातजणांचा लीड

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडखळले, 'आता सातच उरलो आहोत.' दोन माणसं गेली हे तुम्ही लिहिलंत. त्यांचं काम कुठे गेलं, हे मात्र पत्रात कुठेच नाही. ते कुठेही गेलेलं नाही. उरलेल्यांच्या टेबलांवर ते न सांगता, न ठरवता येऊन बसलंय. हे तुमच्याकडे, कंपनीकडे कुणी मोजलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून आधी तेवढं मोजू.

नऊजण आठवड्याला प्रत्येकी ४५ तास काम करत होते, म्हणजे एकूण ४०५ तास. तेवढंच काम सातजणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास ५८ तास येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात दिसलं. तुमची टीम कदाचित ती रेषा ओलांडून गेली आहे, आणि ओलांडायचं असं कुणीही ठरवलं नव्हतं.

कार्यशाळेला दोघंच आले याचं वाईट वाटून घेऊ नका. बाकीचे कृतघ्न नाहीत. ज्यांच्याकडे तासच उरलेले नाहीत त्यांच्याकडे आपण आणखी एक तास मागितला, तोही शनिवारी सकाळी. तुमचा हेतू स्वच्छ होता, पण ती जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत झाली. ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये आला. ताण सोसायला शिकवणारी प्रशिक्षणं, ध्यानाची अ‍ॅप्स अशा उपक्रमांत भाग घेतलेल्यांची मानसिक स्थिती भाग न घेतलेल्यांपेक्षा बरी असल्याचं त्यात आढळलं नाही. ध्यान वाईट आहे असा याचा अर्थ नाही, मी स्वतः करते. पण डोक्यावरची पाटी न उतरवता माणसाला श्वास कसा घ्यावा हे शिकवलं, तर त्याला त्यातून एवढंच कळतं की पाटी काही उतरणार नाही.

आता तुमच्या वरिष्ठांच्या वाक्याकडे येते. हे वाक्य मला फार लागतं, कारण एके काळी मीही ते बोलले आहे. खरं तर 'बर्नआउट', म्हणजे कामाच्या ताणाने पार पिचून जाणं, हा शब्द मानसशास्त्रात आला तोच याच्या अगदी उलट अनुभवातून. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. दिवसभर स्वतःचा व्यवसाय आणि मग रात्री उशिरापर्यंत तिथे सेवा. बरोबरचे स्वयंसेवक काही महिन्यांत कोरडे होत जाताना त्यांनी पाहिले, आणि तेच स्वतःच्याही वाट्याला आलं. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. या अवस्थेला सगळ्यात आधी बळी पडतात ती कामाला वाहून घेतलेली माणसं, असं त्यांचं निरीक्षण होतं. जो मुळात जीव लावत नाही त्याचा जीव जायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या टीममधली सगळ्यात हुशार, सगळ्यात पुढे असणारीच आधी का गप्प झाली, याचं उत्तर इथे आहे.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी सुसान जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये हे मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. एक, आतून रिकामं होईल असा थकवा. दुसरी, कामापासून आणि माणसांपासून मनाने तुटणं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पाट्या टाकणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. यातली पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसरी दिसली की आपण माणसालाच दोष देतो, 'हिचा अ‍ॅटिट्यूड बिघडलाय' म्हणतो. खरं तर मन स्वतःला वाचवायला हा मार्ग धरतं. काळजी वाटणं थांबवलं की दुखणंही थोडं कमी होतं. 'काय करायचंय ते सांगा, करते' हे वाक्य मी असंच ऐकते.

माझ्या हाताखालीही अशी एक सहकारी होती. मीटिंगमध्ये वाद घालायची, चुका दाखवायची, कधी कधी माझं डोकं उठवायची. मग हळूहळू शांत झाली. जे दिलं ते घ्यायची, वेळेत द्यायची. मी त्या वर्षी तिच्या मूल्यमापनात लिहिलं, 'अधिक परिपक्व झाली आहे.' सहा आठवड्यांनी तिचा राजीनामा आला. ते वाक्य मला अजून आठवतं. वाद घालत होती तेव्हा तिला काम आपलं वाटत होतं.

सुट्टीबद्दल. तुम्ही ती दिलीत हे बरोबरच केलंत, पण ती चौथ्या दिवशी विरली यात नवल नाही. मीना वेस्टमन आणि डॉव्ह ईडन यांनी १९९७ मध्ये कर्मचाऱ्यांचा बर्नआउट सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि नंतर मोजला. सुट्टीत तो उतरला. परतल्यावर तीन दिवसांत अर्धवट वर चढला आणि तीन आठवड्यांत पूर्ण पूर्वीच्या पातळीवर गेला. साधा थकवा आणि बर्नआउट यांत फरक करायची हीच सोपी कसोटी मला वाटते. विश्रांतीने भागतो तो थकवा. विश्रांतीनंतर त्याच खुर्चीत बसताच जे परत येतं, त्याचं कारण खुर्चीपाशी असतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, असं म्हटलंय. वरिष्ठांशी बोलताना ही व्याख्या जवळ असू द्या.

मग करायचं काय? पगार आणि भरती तुमच्या हातात नाही, मान्य. पण काम तुमच्या हातातून जातं. कोणतं काम होणार नाही हे ठरवणं हे लीडचं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे, आणि तुम्ही तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

दोन आठवडे सातही जणांची, म्हणजे तुमची स्वतःचीही, कामं लिहून काढा. कुणावर पाळत ठेवल्यासारखं नको. आधीच सांगा, 'मला कामं कमी करायची आहेत, त्यासाठी ती आधी दिसायला हवीत.' मोठी कामं सगळ्यांना माहीत असतात. तुम्हाला शोधायची आहेत ती बारीक कामं. दर सोमवारचा तो रिपोर्ट, एकच माहिती दोन तक्त्यांत भरणं, सगळ्यांनी बसायची पण दोघांनीच बोलायची ती मीटिंग, दुसऱ्या विभागाचं 'जरा बघून देता का'. गेलेल्या दोघांची कामं वेगळ्या रंगात लिहा. तो रंग कुणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त दिसतो ते पाहा. पैज लावून सांगते, त्या मुलीच्या रकान्यात. काम त्याच्याकडेच जातं ज्याला ते जमतं, आणि 'तूच कर, तुला पटकन होतं' ही आपण चांगल्या माणसाला दिलेली शिक्षा असते. बक्षीस म्हणून दिली असली तरीही.

मग छाटणी. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न ठेवा, हे एक महिना केलं नाही तर कोण विचारेल? ज्या रिपोर्टचं उत्तर 'कोणी नाही' असं येईल तो थांबवा. परवानगीची गरज असेल तर 'बंद करतोय' असं न म्हणता 'महिनाभर थांबवून पाहतो' म्हणा, त्याला सहसा विरोध होत नाही. महिन्यानंतर कुणी विचारलंच तर परत सुरू करायला काय लागतं?

काही कामं थांबवता येणार नाहीत. ती वर न्या. इथे बहुतेक लीड एक चूक करतात. ते वरिष्ठांकडे जाऊन म्हणतात, 'माझी माणसं फार थकली आहेत.' त्यावर 'सगळेच थकलेत' हे उत्तर तयार असतं. तुम्ही एक पान घेऊन जा. वर ४०५ भागिले ७ हा हिशेब, खाली महत्त्वाच्या क्रमाने कामांची यादी, आणि जिथे सातजणांचे तास संपतात तिथे एक रेघ. मग विचारा, 'रेघेखालची कामं या तिमाहीत होणार नाहीत. यातलं काही वर घ्यायचं असेल तर घेऊ, पण मग वरचं कोणतं खाली न्यायचं ते सांगा.' यात तक्रार नाही, विनवणी नाही. निर्णय ज्याचा त्याच्याकडे परत जातो. पहिल्या वेळी ते चिडतील. 'सगळंच महत्त्वाचं आहे' म्हणतील. तेव्हा गप्प बसा आणि यादी टेबलावरच राहू द्या. मी हे केलंय, आणि तो एक मिनिट फार लांब वाटतो, पण बोलून तो भरू नका.

जास्त तास म्हणजे जास्त काम, असं ते म्हणाले तर पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट सांगा. ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांना आठवडाच्या आठवडा प्रचंड तास राबवलं जात होतं. त्यात बायकाच खूप. तिथल्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी त्या वेळी सरकारने नेमलेल्या समितीसाठी ठेवल्या गेल्या. जॉन पेन्कावेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे दर तासाचं उत्पादन घसरत जातं, आणि ७० तासांच्या आठवड्यात ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसं जास्त काही निघत नाही, असं त्यांना आढळलं. हे हाताच्या कामाबद्दल, तेही युद्धकाळात, जेव्हा कामचुकारपणा करायची कुणाची इच्छा नव्हती. डोक्याच्या कामात थकलेला माणूस नुसता हळू होत नाही, चुका करतो, आणि त्या निस्तरायला दुसरा थकलेला माणूस लागतो.

कामाचा भार हेच एक कारण नसतं हेही सांगायला हवं. मास्लाक आणि मायकेल लीटर यांनी १९९७ मध्ये सहा गोष्टी मांडल्या, जिथे माणूस आणि काम यांचं जुळेनासं झालं की बर्नआउट सुरू होतो. कामाचा भार, स्वतःच्या कामावरचा ताबा, मोबदला आणि कौतुक, आपसातली माणुसकी, न्याय आणि मूल्यं. यातला ताबा तुम्ही उद्यापासून देऊ शकता. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की नुसत्या जास्त मागण्यांपेक्षा, मागण्या जास्त आणि अधिकार कमी ही जोडी माणसाला जास्त खाते. तारीख सांगण्याआधी विचारा, 'याला किती दिवस लागतील?' आणि उत्तर आलं की निम्मं करू नका. काम कोणत्या क्रमाने करायचं, कोणत्या मीटिंगला यायचं नाही, कोणत्या वेळात फोन बंद ठेवायचा, हे त्यांना ठरवू द्या. न्यायाबद्दल एवढंच, की कुणाचा रकाना भरलाय आणि कुणाचा रिकामा आहे हे टीमला तुमच्या आधीपासून माहीत असतं.

रात्रीचे मेसेज. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमचं पत्र रविवारी रात्री दीड वाजता आलंय, म्हणून विचारते. त्याच वेळी टीमलाही काही पाठवलं होतं का? 'उद्या बघितलं तरी चालेल' असं खाली लिहिलं तरी लीडचा मेसेज वाचला जातोच, आणि वाचला की डोकं कामाला लागतं. लिहायचं असेल तर लिहून ठेवा आणि सकाळी जाईल असं लावा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. कायद्याची वाट पाहायला नको, सातजणांपुरता नियम करता येतो. लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत असाच एक प्रयोग केला होता आणि २००९ मध्ये तो मांडला. चोवीस तास उपलब्ध असणं हाच तिथला धर्म. तिथे टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून पूर्ण मोकळी दिली, आणि दर आठवड्याला टीमने एकत्र बसून ती खरंच मिळाली का हे तपासलं. ती संध्याकाळ शक्य व्हावी म्हणून लोक एकमेकांची कामं समजून घेऊ लागले, आधी न बोललेलं बोलू लागले, आणि नोकरीत टिकून राहण्याची इच्छाही वाढली. तुम्ही हे पुढच्या आठवड्यात सुरू करू शकता. पहिली संध्याकाळ तुमची स्वतःची ठेवा, आणि ती पाळताना सगळ्यांना दिसू द्या. लीड जे पाळत नाही ते टीम पाळायला धजत नाही.

मीटिंगमध्ये रडलेल्या सहकाऱ्याशी तुम्ही नंतर एकट्याने बोललात का, हे पत्रात नाही. बोलला नसाल तर आजच बोला. मोठं भाषण नको. 'त्या दिवशी तुझ्यावर खूप आलं होतं. तुझ्याकडचं एक काम मी आज काढून घेणार आहे, कोणतं काढू?' एवढं पुरे. 'कसा आहेस?' विचारलं की 'ठीक आहे' हेच उत्तर येतं. कामाबद्दल विचारलं की माणूस बोलतो. आणि एक सांभाळा. झोप पूर्ण उडाली असेल, कामाबाहेरही कशातच रस उरला नसेल, जगणंच नको असं काही तो बोलला असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे यादी आणि रेघा पुरत नाहीत. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठायला त्याला मदत करा, त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांत द्या, आणि ते कुणालाही सांगू नका. निदान करायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही.

आता त्या मुलीबद्दल. राहील का, हे मी सांगू शकत नाही, आणि तिलाही कदाचित अजून माहीत नसेल. तिला 'तू आमच्यासाठी किती महत्त्वाची आहेस' असं सांगून थांबवायचा प्रयत्न करू नका. हे वाक्य तिने प्रत्येक नव्या कामाच्या आधी ऐकलेलं आहे. त्याऐवजी कामांची ती यादी तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'यातलं काय थांबवायला हवं? तुला जे दिसतंय ते मला दिसत नाहीये.' ती लगेच बोलणार नाही. दुसऱ्यांदा विचारा. ती जे सुचवेल त्यातली निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात करा आणि तिच्या सांगण्यावरून केली हे टीमला सांगा. ती चिडून काही बोलली, तुमच्याच चुकांवर बोट ठेवलं, तर ऐकून घ्या. ते चांगलं लक्षण आहे.

आणि तरीही ती गेली, तर तिला चांगल्या मनाने जाऊ द्या. फक्त त्या दिवशी तिची कामं सहाजणांत वाटू नका. आधी तिची यादी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवा, आणि त्यातली कोणती बंद होणार हे ठरल्याशिवाय खोलीतून बाहेर येऊ नका.